कूलरच्या पाण्यात

“आचल, दार लाव. तुहे बाबा येऊन राहिले.”

आईचा हा आवाज नऊ वर्षांपूर्वीचा. पुढं बाबांनी दारू सोडली, आई दार उघडं टाकून निवांत झोपू लागली. आचलच्या मनातली कडी तेवढी निघाली नव्हती.

म्हणून तर तिनं वाइनच्या दोन बाटल्या तुरीच्या कोठीत लपवल्या. रविवारी अमरावतीत ती स्वयंपाकी होती त्या हॉटेलचं नवं दालन उघडणार. भूमध्य समुद्राकडच्या पद्धतीनं ओव्हनमध्ये भाजलेला मासा तिच्या हातचा, आणि सोबतची वाइनही तिनंच ठरवायची. दोन्हींपैकी कुठली, गोडसर की आंबटसर? पहिल्या टेबलावर स्वयंपाक्यांचे आईबाप बसणार होते. तिनं एकट्या आईचं नाव दिलं. जिथं पेले भरतात तिथं बाबा नकोत. त्यांना यातलं काही कळू दिलं नव्हतं.

अकोल्यात आईबाबांच्या घरी मे महिन्यातली दुपार. आई बाजारात गेलेली. घरभर लसूण, लिंबू आणि ऑलिव्हच्या तेलाचा वास. टमाट्यांच्या फोडींवर सरावाचा रोहू छान भाजून निघाला होता. आचलनं कोठीत हात घातला. कोपरापर्यंत. मग खांद्यापर्यंत. नुसती तूर.

“बाबा?”

ती मागच्या अंगणात धावली. कूलरमागं तिचे बाबा, खुशालराव, वाकून उभे होते, पाठमोरे. ती उंबऱ्यातच थिजली. नऊ वर्षं मोडायला एक घोट पुरतो.

खुशालरावांनी कूलरच्या टाकीतून ओल्या दुपट्ट्यात गुंडाळलेल्या दोन बाटल्या वर काढल्या.

“कोठीत तापल्या होत्या, बाई. माश्यासंगं थंडगार पाह्यजे, असं तूच सकाळी फोनवर सांगून राहिली होती.”

तिची नजर झाकणांकडे गेली. दोन्ही सीलबंद. तिनं ओशाळून मान खाली घातली.

“पाह्य, पाह्य,” ते म्हणाले. “तुह्या जागी म्याबी पाह्यलं असतं.”

कूलरचा गारवा आत्ता कुठं तिच्या अंगाला लागला.

तिनं त्यांना ताट वाढलं.

“हाटेलात मिरच्या भेटत नाहीत काय वं?” म्हणत त्यांनी दुसरा तुकडा घेतला. मग तिसरा. “लिंबू मस्त लागून राहिलं. याच्यावर काई गोड नोको देजो. तोंडातली चव मोडन.”

आचल बघतच राहिली. तीन दिवसांचा घोळ एका घासात सुटला होता. आंबटसरच. बाटली उघडावीसुद्धा लागली नाही.

“फोनवर अजून काय आयकलं, बाबा?”

खुशालराव माशाचे काटे ताटाच्या कडेला एकेक रचत राहिले.

“तुह्या मायची निळी साडी इस्त्रीले टाकली म्या. रविवारी लागन ना तिले.”

तिनं त्यांचा खरकटा हात तसाच धरला.

“तुमचं नाव म्या भेवानं दिलं नव्हतं, बाबा,” ती म्हणाली. “तुमचा सदराबी टाका इस्त्रीले.”