डेल्रॉयचा नवा स्पीकर

अंधेरीच्या गावठाणात एथेल आंटी आणि डेल्रॉय यांच्या घरांमध्ये एकच भिंत. मेल्याने गुडघ्याएवढा ब्लूटूथ स्पीकर आणला, तेव्हापासून आंटीच्या कपाटातल्या कपबशा दिवसभर नाचायच्या. एकदा लेकीला व्हॉइस मेसेज करता करताच ती तणतणत त्याच्या दारात गेली, "आवाज कमी कर ना रे!" म्हणाली, आणि सगळ्या गल्लीसमोर त्याने जे सुनावलं ते गिळून परत आली. तो मेसेज तिने लेकीला पाठवला नाही. पुसलाही नाही.

रविवारी डेल्रॉयला बघायला मुलीकडची माणसं आली. मुलीच्या आजीच्या कानात आपल्यासारखंच मशीन आहे, हे आंटीने खिडकीतून पाहिलं. डेल्रॉय त्या आजीशी अगदी लाडाने, मोठमोठ्याने बोलत होता. "पोरगा लाखात एक आहे हां!" आजी म्हणाली. खूश होऊन त्याने पाहुण्यांना दाखवायला स्पीकर चालू केला.

कानाचं मशीन ब्लूटूथने फोनला जोडताना आंटीला त्या स्पीकरचं नाव रोज दिसायचं. डेल्रॉयने स्वतःचा फोन जोडायच्या आत तिने आज त्या नावावर बोट ठेवलं आणि जपून ठेवलेला मेसेज लावला. मग आपल्या कानातलं मशीन काढून शांतपणे टेबलावर ठेवलं.

तरीही भिंतीपलीकडच्या स्पीकरमधून डेल्रॉयचा आवाज तिला स्वच्छ ऐकू आला, "ए म्हातारे, सहन होत नाही तर कानातलं मशीन काढ आणि मर एकदाची!"