तालमीची माती

"माती हितंच ऱ्हाऊ दे," एवढंच अप्पा म्हणाले आणि विजयसिंहांचे डोळे भरून आले.

राजारामपुरीतली ती तालीम पाडून तिथं हरित इमारत उभी राहणार होती. जागा विजयसिंहांची, आणि लहानपणी याच आखाड्यात अप्पा वस्तादांनी त्यांना मनसोक्त आपटलेलं. वस्तादांच्या बोलण्याचा अर्थ त्यांनी तिथल्या तिथं लावून टाकला. आखाड्याची माती भट्टीत न भाजता यंत्रात दाबून तिच्या विटा करायच्या आणि दर्शनी भिंत त्या विटांची बांधायची. पर्यावरणही सांभाळलं जाईल आणि वस्तादांचा शब्दही राहील. सगळ्यांनी माना डोलावल्या. अप्पा काहीतरी बोलणार होते, पण शिष्याचा फुललेला चेहरा बघून गप्प बसले.

बांधकामात कुठं काय बिघडू शकतं ते आधीच ओळखून टाळायचं, हे काम ऋताचं. या कामात ती ताकसुद्धा फुंकून पिणारी. आणि ती याच गल्लीतली. भाऊ तालमीत कुस्ती खेळायला जायचा तेव्हा त्याचा टॉवेल धरून ती पायरीवर बसून राहायची. मुलींना आत मज्जाव होता. पण ओल्या मातीचा, हळदीचा, तेलाचा वास पायरीपर्यंत यायचा आणि शाळेत गेल्यावरही नाकातून जायचा नाही. आत जोर मारणाऱ्या पोरांच्या हुंकारावर तिचे पाढे पाठ झालेले. साइटवर पाऊल टाकलं की तिला ते दिवस आठवायचे आणि जीव कासावीस व्हायचा.

आखाड्याच्या मातीत वस्ताद मंडळी तेल, ताक, हळद मुरवतात आणि तेलकट मातीची वीट धरत नाही. ही जोखीम पहिल्याच बैठकीत ऋतानं दाखवून दिली. पण तालीम बंद पडून बरीच वर्षं लोटली होती, छपराचे पत्रे उडालेले, पावसानं माती पार धुऊन निघालेली. नमुन्याच्या विटा टणक निघाल्या. ती काळजी मिटली.

मग अप्पांनी एक मागणं घातलं. माती उचलायच्या आधी एकदा तिची सेवा करू द्या.

साइटचा इंजिनिअर सौमित्र नको म्हणाला. विषाची परीक्षा कशाला, असं त्याचं म्हणणं.

"करू देत रे," ऋता म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाचं थोडंसं तेल, एवढ्या मातीला काय होणार आहे?"

अप्पा सदरा काढून आखाड्यात उतरले. फावड्यानं माती वरखाली केली, तेल-ताक ओतलं, हळद उधळली आणि पायानं माती कालवत कुणी कुणाला कुठल्या डावावर चीतपट केलं ते सांगत राहिले. वास पायरीपर्यंत आला. ऋताला रडू फुटलं आणि तिनं ते लपवलंही नाही.

विटांची पहिली खेप वाळली आणि तपासायला घेतली, तर हातातच कडा झडायला लागल्या. विजयसिंह संतापले. कुंपणानंच शेत खाल्लं, असं चारचौघांत बोलले. पुढच्या कामाला दुसरं माणूस बघतो, हेही ऐकवलं. ऋतानं मान खाली घातली आणि चूक आपलीच असल्याचं लेखी दिलं. दर्शनी भिंतीला पायाच्या खोदाईतली माती वापरायची ठरली. आखाड्याचं काय करायचं, हा प्रश्न उरला. हरित इमारतीला थोडी जमीन मोकळी सोडावीच लागते, तेव्हा तेलकट माती बाहेर नेऊन टाकण्यापेक्षा आखाडा आहे तसाच ठेवावा, असं तिनं सुचवलं. विजयसिंहांनी कुरकुरत होकार दिला.

हे सांगायला ती अप्पांच्या घरी गेली. सेवा करू दिली आणि त्यापायी माती भिंतीत जायची राहिली, हे म्हाताऱ्याला कसं सोसेल, याची तिला धास्ती असणार असंच सौमित्रला वाटलं होतं. निघताना त्यानं तिला धीरही दिला.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. सुनेनं चहा आणून दिला, ती आत जाईपर्यंत थांबले.

"पोरी, तुझ्यापाशी लपवत न्हाय," ते म्हणाले. "माती भिंतीत घालून काय पुजायची हाय? ती पायाखाली पायजे. पर विजूला तोंडावर न्हाय म्हणवंना. म्हणून त्या दिवशी तेल जरा जादाच घाटलं मी. तुला बोल बसला, तेवढं पाप माझ्या माथी."

ऋतानं चहा संपवून कप खाली ठेवला.

"तुमच्या तेलानं कायबी झालं नव्हतं अप्पा," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी मी परत नमुना तपासला, तर पास झालता. मग मीच दोन डबे तेल आणून वतलं."