मांजरांची शाळा

धाकटीला एकदम हसू फुटलं, आणि तिनं ते घाईघाईनं खोकल्यात लपवलं.

वाचनकक्षात कुणी हसत नसे. सरकारनं जुन्या खटल्यांची आणि पोलिसांच्या दप्तरातली लाखो पानं लोकांसाठी खुली केली होती. रोज सकाळी माणसं येत आणि त्या पानांत आपापली हरवलेली माणसं शोधत बसत. टेबलं उसनी, खुर्च्या भाड्याच्या, आणि पानोपानी नावांवर काळ्या पट्ट्या. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. इथं बावीस वर्षं थांबून हाती काय आलं, तर काळी शाई. संध्याकाळपर्यंत ती सगळ्यांच्या बोटांना लागलेली असे.

धाकटी दादाला शोधत होती. एका बड्या माणसाविरुद्ध साक्ष द्यायच्या आदल्या दिवशी दादा घरातून गेला तो गेलाच. खटला बारगळला. बडा माणूस आता आणखी वरच्या खुर्चीत जाऊन बसला होता. आईनं लेकीला एकच बजावलं होतं. "आहे की नाही, एवढंच सांग मला. 'कदाचित' घेऊन घरात येऊ नकोस."

आणि आज हे पान. गल्लीच्या तोंडाशी एक दुकान होतं. त्या काळी गल्लीत फोन तेवढा एकच, त्यामुळे सगळ्यांचे निरोप तिथं येत. पोलीस तो फोन चोरून ऐकत असत, हे धाकटीला आजच कळलं. पानावर जेमतेम दोन ओळींचं बोलणं होतं. कुणीतरी म्हणालं होतं, "पोरीला सांगा, माल मांजरांच्या शाळेत पोचला." दुकानदारानं विचारलं होतं, "कुठल्या पोरीला?" तेवढ्यात फोन तुटला होता.

खाली कुण्या साहेबाचा शेरा होता: अर्थ लागत नाही. शहरातल्या सर्व शाळा तपासल्या.

सर्व शाळा तपासल्या! हसू आलं ते इथं. गल्लीत गाणं शिकवणाऱ्या एक बाई राहत. संध्याकाळ झाली की त्यांच्याकडे दहाबारा पोरं एका सुरात गायला बसत आणि दहाबारा सुरांत गात. दादानं त्या वर्गाला मांजरांची शाळा असं नाव ठेवलं होतं. ते दोघा भावंडांतच होतं, कारण बाईंच्या कानावर गेलं असतं तर पाठ मऊ झाली असती.

हसता हसता धाकटीचे डोळे भरले. निरोप तिच्यासाठी होता. दुकानदार तो विसरला आणि सरकारनं तेवढा जपून ठेवला.

"काही सापडलं का?"

शेजारच्या टेबलावरचे टंकलेखक विचारत होते. कोर्टातून निवृत्त झालेले, मेव्हण्याचा माग काढायला येणारे. मायाळू माणूस. ते रोज तिला आपल्या बाटलीतलं पाणी देत, शाई पुसायला रुमाल देत. त्यांची स्वतःची बोटं मात्र कायम स्वच्छ. माणूस मुळातच नीटनेटका, असं धाकटीला वाटे.

"कुठलं काय," ती म्हणाली. "ठसका लागला."

तिनं पान गठ्ठ्यात सारलं. सारता सारता लक्षात आलं, त्यावर एकही काळी पट्टी नव्हती. नशीब आपलं, असं ती मनाशी म्हणाली.

"ते पान माझ्याही गठ्ठ्यात आहे," टंकलेखक म्हणाले. "सगळ्यांच्याच असतं. सरकारी गोंधळ, दुसरं काय."

घरी तिनं ताकास तूर लागू दिली नाही. भांडी लावता लावता आईला सहज विचारलं, त्या गाण्याच्या बाई असतात कुठं? आई म्हणाली, त्या केव्हाच घर विकून बहिणीच्या गावी गेल्या. कधी? आईचा हात थांबला. दादा गेला त्याच सुमाराला, असं म्हणून ती पुन्हा भांडी लावायला लागली.

दुसऱ्या दिवशी धाकटीनं त्या गावची बस पकडली. दर थांब्यावर तिनं मागं वळून पाहिलं. डुलक्या घेणारे प्रवासी होते, बाकी कुणी नाही.

बाई आता फारच थकल्या होत्या. दार त्यांनीच उघडलं, धाकटीकडे बराच वेळ पाहिलं आणि बाजूला झाल्या. आतल्या खोलीत खिडकीकडे पाठ करून एक पिकल्या केसांचा माणूस वाद्याच्या तारा जुळवत बसला होता. धाकटी दाराशीच थांबली.

शेवटी ती म्हणाली, "म्याँव."

तारेवरचा हात थांबला.

दोघं किती वेळ रडली आणि मध्येच किती वेळ हसली, याचा हिशोब बाईंनाही ठेवता आला नाही. दादानं सांगितलं, निरोप धाडला होता. ती आली नाही तेव्हा वाटलं, बरंच झालं, घरच्यांच्या जिवाला घोर नको. मग त्यानं तिचा हात धरला.

"इथं येतेस हे कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

घरी पोचली तेव्हा आई दारातच उभी होती.

"आहे," धाकटी म्हणाली.

आई उंबऱ्यावरच बसली आणि लहान मुलासारखी रडली.

सकाळी धाकटी नेहमीसारखी वाचनकक्षाकडे निघाली. एकाएकी जाणं सोडलं तर कुणाच्या तरी डोळ्यांवर येईल, एवढा विचार तिनं केला होता. फाटकाशी एक टेम्पो उभा होता आणि दोन माणसं त्यात खुर्च्या भरत होती. टंकलेखक कुठं दिसले नाहीत. पहारेकरी दाराला कुलूप लावत होता.

"आज सुट्टी का?" तिनं विचारलं.

"कायमचीच, ताई," तो म्हणाला. "ज्याच्यासाठी उघडलं होतं, तो काल सापडला म्हणे."