मधमाश्यांना दिलेली खोटी खबर

"दहा पेट्या मेल्या," झेली म्हणाली. "मीच मारल्या."

भावाला घरी येऊन पुरता तासही झाला नव्हता. जर्मनांच्या छावणीतून सुटलेला एव्हारिस्त म्हणजे खुंटीवर टांगलेला कोटच, फक्त चालता. शिकून रसायनशास्त्रज्ञ, लढाईत हेर, आणि उरल्या वेळात बेडकांच्या पावसावर नि बोलक्या विहिरींवर लेख लिहिणारा. घोटभर सूप पोटात गेलं न गेलं, तो बागेत मधपेट्यांपुढे उकिडवा बसला होता. अकरा पेट्या. दहांवर काळी फीत, आत चिडीचूप. अकरावी बिनफितीची, आणि घुमत होती.

"जानेवारीत तुझा एक माणूस सांगून गेला, एव्हारिस्त संपला," झेली म्हणाली. "मालक गेला की माश्यांना कळवायचं, ही आपली जुनी रीत. घराची किल्ली घेतली, पेटीपेटीवर तीनदा ठोकून सांगितलं, तुमचा मालक गेला. फीत बांधली. अकरावीपाशी फीत संपली. उद्या बांधू म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी तोंडच उघडेना."

"आणि नेमक्या सांगितलेल्या दहाच मेल्या?" एव्हारिस्तचे डोळे लकाकले. हात वहीकडे गेला. "ताई, हे लिहून ठेवायला हवं!"

"लिही! मी या तोंडानं तुला जिवंतपणी पुरलं, आणि तुला लेख सुचतोय!"

वही मुकाट खिशात गेली. "थंडीनं मेल्या असतील. अकरावीला भिंतीचा आडोसा आहे."

"हे पटतंय तुला?"

"अजिबात नाही." तो हसला. समोरचे दोन दात नव्हते.

कुंपणावर हनुवटी टेकून शेजारचा म्हातारा फुल्बेर सगळं ऐकत होता. "खबर खोटी निघाली ना? मग जाऊन खरी द्या की."

"रिकाम्या पेट्यांना?" झेली म्हणाली.

"घर रिकामं असलं तरी दार ठोकतोच माणूस."

झेलीनं किल्ली भावापुढे धरली. "तूच सांग. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार आता?"

एव्हारिस्तनं पहिल्या पेटीवर तीनदा ठोकलं आणि अडखळला. चार वर्षांत त्यानं पाच नावं वापरली होती. खरं नाव काढून घ्यायला जर्मनांनी आठ दिवस आणि त्याचे दोन दात खर्ची घातले, तरी ते त्यांना मिळालं नव्हतं.

"कुठलं नाव सांगू, ताई?"

"आईनं ठेवलेलं."

"एव्हारिस्त मारी ओनोरे कूल्मिए," तो पुटपुटला. "परत आलोय. आधीची खबर चुकीची होती."

दुसऱ्या पेटीला जरा मोठ्यानं. पाचव्या पेटीला फुल्बेरची कोंबडी बिचकून पळाली. दहाव्या पेटीपर्यंत गल्लीतल्या खिडक्या उघडल्या होत्या. झेली मागोमाग फिती सोडत गेली. शेवटी किल्ली तिच्याकडे परत आली.

इतक्यात अकरावीतून एक माशी आली. पहिल्या पेटीच्या दाराशी थबकली, आत शिरली. बऱ्याच वेळानं बाहेर आली, पेटीभोवती फेरी मारली, पुन्हा आत.

"नव्या घराची टेहळणी चाललीय," एव्हारिस्त कुजबुजला. "कोपरान्‌कोपरा मोजतेय. आमच्याच धंद्यातली."

माशी उडाली ती तडक घरी. थोड्या वेळानं आणखी चार आल्या. मग वीस. उन्हं डोक्यावर आली तशी अकरावीच्या तोंडाशी माश्यांची दाढी लोंबू लागली, आणि एकाएकी सगळं मोहोळ आभाळभर उठलं.

"अगं, भांडं बडव!" फुल्बेर ओरडला. "गावाला कळू दे मोहोळ कुणाचं ते!"

झेली स्वयंपाकघरात धावली. मुरंब्याची तांब्याची कढई सापडली, पळी काही सापडेना. ती तशीच अंगणात आली आणि हातातल्या किल्लीनंच कढई बडवू लागली.