बंद दाराची एकतीस पानं

“थांबवा! तिथंच थांबवा!” सर अंधारातच उठून उभे राहिले.

पडद्यावरचं चित्र गोठलं. एक म्हातारा बंद दारासमोर उभा होता. त्याचं बोट घंटेपासून वीतभर लांब होतं. त्या छोट्या थिएटरात चाळीस खुर्च्या होत्या आणि माणसं तीनच: सर, त्यांची बायको आणि ही फिल्म करणारी त्यांची जुनी विद्यार्थिनी. तिनं प्रोजेक्टरच्या खोलीकडे हात केला. दिवे लागले.

“हे माझ्या पुस्तकात नाही,” सर म्हणाले.

“नाही,” ती म्हणाली.

सरांची तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली होती. विद्यार्थी पाठीमागे त्यांना ‘परंतु सर’ म्हणत, कारण कुणाचंही वाक्य ते याच शब्दानं तोडत. निवृत्तीच्या तोंडावर त्यांनी एकच कादंबरी लिहिली. तिच्यात एक न्यायाधीश आहे. त्याच्या भावानं आजारी आईचं ऑपरेशन परस्पर नाकारलेलं असतं आणि आई जाते. पुढं कितीतरी वर्षांनी तो भाऊ दाराशी येऊन घंटा वाजवतो. न्यायाधीश आत बसून विचार करतो: जिचं नुकसान झालं तिनंच माफ करावं, तीच उरली नाही, तर माफ करणारे आपण कोण? हा विचार एकतीस पानं चालतो. दार उघडत नाही. त्या एकतीस पानांवर परिसंवाद झाले होते. सरांना ती तोंडपाठ होती.

फिल्ममध्ये त्यांतलं एक वाक्यही नव्हतं. कॅमेरा खोलीतून उठून सरळ जिन्यात गेला होता.

“माझं अख्खं पुस्तक त्या खोलीत घडतं,” सर म्हणाले. “तू बाहेर गेलीसच कशी? विचार आत चाललाय. बाहेर आहे काय? पायपुसणं?”

“अहो, बसून भांडा,” बायको म्हणाली. “गुडघा धरेल.”

“परंतु हा प्रश्न गुडघ्याचा नाही!”

दिग्दर्शिकेला हसू आलं आणि तिनं ते लपवलंही नाही. एकेकाळी ती सरांच्या पेपरात काठावर पास झाली होती. निकालाच्या दिवशी सरांनीच तिला बोलावून चहा पाजला होता. “तुला युक्तिवाद जमत नाही, परंतु तुला दिसतं फार,” असं म्हणाले होते. त्या एका वाक्याच्या जोरावर ती या धंद्यात आली होती. आता करारातल्या कलमाप्रमाणे, सर नको म्हणाले तर फिल्मवरून त्यांचं आणि पुस्तकाचं नाव उतरणार होतं. सर त्याच तयारीनं येताहेत, हे सरांच्या बायकोनं, तिच्या काकूंनी, तिला सकाळीच फोनवर सांगून ठेवलं होतं.

“दोनच मिनिटं उरलीत, सर. बघा, मग काय ते सांगा.”

दिवे मालवले. म्हाताऱ्यानं बोट मागं घेतलं. सदऱ्याची कॉलर नीट केली, बोट पुन्हा वर नेलं. तेवढ्यात आतून कुणीतरी खोकलं. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. खोकला थांबेपर्यंत तो कान देऊन उभा राहिला. मग पायाखालचं तिरकं पायपुसणं त्यानं बुटाच्या टोकानं सरळ केलं आणि कठडा धरून तो जिना उतरून गेला. घंटा वाजलीच नाही.

दिवे लागले तेव्हा सर खाली बसलेले होते.

“दार उघडलेलं नाही, सर. तुमचाच शेवट आहे.”

“नाही,” सर सावकाश म्हणाले. “माझ्या न्यायाधीशाचा मुद्दा तू खोडलेला नाहीस. तो कुणालाच खोडता येणार नाही. तरी इथं तो हरला.” त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “तो खोकला. तो ऐकून उजळलेला चेहरा. कुठून आणलंस हे? इतकी वर्षं मी त्या दाराशी बसलोय, मला नाही सुचलं.”

“मी दादांना भेटले होते, सर.”

दादा म्हणजे सरांचे थोरले भाऊ. जन्मभर चष्म्याच्या दुकानात काचा घासत आलेले. आईच्या आजारपणात सर परगावी होते आणि सगळे निर्णय दादांनी एकट्यानं घेतले. तेव्हापासून एकोणीस वर्षं दोघांत शब्द नव्हता.

“आईच्या खोलीचा सेट लावायचा होता, म्हणून जुने फोटो मागायला गेले,” ती म्हणाली. “त्यांनी पुस्तक वाचलंय. म्हणाले, बिनतोड लिहिलंय पठ्ठ्यानं. फक्त बाहेर उभं राहिलं की आतलं काय काय ऐकू येतं, तेवढं त्यात नाही. मग सांगितलं. तुमच्या दाराशी ते तीनदा आले होते.”

समोरचा पडदा कोरा होता, तरी सर तिकडंच बघत राहिले.

“नाव राहू दे माझं,” शेवटी ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “तिन्ही वेळा असाच परत गेला?”

“दोनदा,” दिग्दर्शिका म्हणाली आणि तिनं काकूंकडे बघितलं.

बायकोनं सरांचा हात आपल्या मांडीवर घेतला.

“तिसऱ्यांदा दार मी उघडलं होतं,” ती म्हणाली. “मी आत या म्हटलं, तर दादांनी तुम्ही काय करताय ते विचारलं. लिहितायत, म्हटलं, मोठं पुस्तक लिहितायत. तशी मागं सरले. म्हणाले, मग मी आलो होतो हे सांगू नकोस हं. लिहू दे त्याला.”