धोंडीराम मेस्त्रीची कॅसेट

“मला नाही ऐकायचं,” गाडीतून उतरता उतरता पारू पुन्हा म्हणाली. “मेल्या माणसाचं काय ऐकायचंय?”

“तू नको ऐकूस. मी ऐकणार,” स्वप्ना म्हणाली. “दोन वर्षांची पोर टाकून गेला तो. का गेला, ते एकदा त्याच्याच तोंडून ऐकू दे मला.”

समोर रियाधमधल्या कुठल्याशा बड्या घराण्याचा राजवाडा होता. आता अर्ध्या भागात हॉटेल, अर्ध्यात कलासंग्रहालय. ज्या दाराशी पूर्वी कामगार चपला काढून ताटकळायचे, तिथे पाहुणे गार टॉवेलानं तोंड पुसत कॉफी पीत बसले होते. चालायचंच!

धोंडीराम हा स्वप्नाचा बाप. संगमेश्वरकडचा सुतार. मामाच्या घरी वाढलेला, मामा गेल्यावर बायको-पोरीशिवाय मागे-पुढे कोणी नाही. हातात कला, पण अंगठाबहाद्दर. म्हणून पत्रं नव्हतीच. त्या काळी गल्फातली माणसं कॅसेटी भरायची आणि कोणी सुट्टीवर निघाला की त्याच्या हाती द्यायची. वर्षभर कॅसेटींची ये-जा चालली, मग बंद पडली. का, ते पारूनं लेकीला एका वाक्यात सांगून टाकलं होतं. “तिकडेच रमला मेला.”

पुढे चिपळूणच्या भाऊसाहेबांनी पारूशी देवळात लग्न लावलं. मास्तर माणूस, अगदी देवमाणूस. त्यांनी स्वप्नाला शिकवलं, नर्स केलं, तिच्या लग्नात तेच मांडवात उभे राहिले. त्यामुळे धोंडीरामाचं नाव निघालं की स्वप्नाच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

संग्रहालयाची अरवा दारातच भेटली. मेस्त्रीच्या खोलीची आणि कॅसेटची बातमी पेपरात वाचून स्वप्नानंच तिला फोन केला होता. पोरगी इटलीत शिकून आलेली, तुरुतुरु इंग्रजी बोलणारी.

“तिकडे जुन्या महालांची अशीच म्युझियमं आणि हॉटेलं केलीत,” चालता चालता ती म्हणाली. “पण भिंतीवर सगळी मालकांचीच चित्रं. आम्ही नोकरांच्या खोल्याही मांडल्यात.”

मेल्यावर का होईना, मेस्त्रीचं कौतुक झालं म्हणायचं. मागच्या अंगाला त्याची खोली होती. लोखंडी खाट, रंधा, पटाशी, चहाचा टवका गेलेला मग. खाटेभोवती जाड दोरी, हात लावू नका म्हणून. पारू उंबऱ्यातच थांबली.

अरवानं फाईल उघडली. “नव्वद साली आला आणि दोन हजार चौदाला इथेच वारला. सगळे दरवाजे त्याच्या हातचे. चोवीस वर्षांत एकदाही गावी गेला नाही. कफील, म्हणजे त्याचा इथला मालक, स्वतः तिकीट काढून देत होता, तरी नको म्हणाला. आणि हा त्याचा फॉर्म. बायको नाही, मूल नाही.”

“ऐकलंस, आई?” स्वप्नानं ते मराठीत सांगितलं. “मूल नाही म्हणे! मी अकरा सालापासून मलाझमध्ये राहतेय, इथून दहा मिनिटांवर. तीन वर्षं हा माणूस इथे जिवंत होता आणि मी त्याला शोधलाही नाही. बरं झालं नाही शोधला!”

म्हणाली खरी. पण बापाचा आवाज कसा होता, हेसुद्धा तिला आठवत नव्हतं. शिव्या घालायच्या तरी समोर कोणाचा तरी आवाज लागतो.

“ही त्याच्या उशीखाली सापडली,” अरवा म्हणाली आणि तिनं काचेखालची कॅसेट दाखवली. “ऐकून ऐकून फीत पार झिजलेली, वर चिकटलेली. कारागिराकडून साफ करून घेतलीय. पण आम्ही कोणी ऐकली नाही. घरच्या माणसानं सही केल्याशिवाय ऐकायची नाही, असा आमचा नियम आहे.”

कॅसेटवर निळ्या शाईत लिहिलं होतं, ‘धोंडीराम मेस्त्री, रियाध’. पारूनं वाकून पाहिलं आणि काचेची कड घट्ट धरली.

“चल घरी. मला गरगरतंय.”

“पाणी पी. बस इथे.”

“जाळून टाक म्हणावं ती कॅसेट.”

“आई, राग मलाही आहे.”

“राग नाही गं.”

“मग काय?”

पारू पदराशी चाळा करत राहिली. “भाऊसाहेबांनी तुला काय कमी केलं?”

“त्यांना कशाला मध्ये आणतेस?”

“तुझं भलं झालं ना? सांग ना, झालं ना भलं?”

“झालं गं बाई, झालं!” स्वप्ना वैतागली. म्हातारपणी माणसं कुठल्याची गाठ कुठे मारतात! तिनं जन्मदाखला काढून अरवापुढे ठेवला. वडिलांचं नाव, धोंडीराम भिकाजी मेस्त्री. लेकीची सही चालते, असं अरवा म्हणाली. स्वप्नानं सही केली.

पारू उठली आणि तिनं लेकीचं मनगट पकडलं. “ऐकू नकोस. माझी शपथ आहे तुला.”

“आता पुरे!” स्वप्नानं हात सोडवून घेतला आणि हेडफोन कानाला लावला. अरवानं बटण दाबलं.

बराच वेळ नुसती खरखर. मग कोणीतरी खाकरलं. स्वप्नानं डोळे मिटले आणि बापाच्या आवाजाची वाट पाहिली.

आवाज बाईचा होता. तरणा, घाईचा, पण ओळखीचा. जन्मापासून ऐकलेला.

“अहो, ऐकताय ना? मन घट्ट करा. तुम्ही आता येऊ नका, मीही हे घर सोडून चाललेय. आपली स्वप्ना परवा तापानं गेली.”