कोरं पान

"पुढचं पान कुठंय?" मालाकीने विचारलं.

"तुझं एवढंच," म्हातारा गॅरेट म्हणाला. प्रयोगात पडद्याआडून नटांना वाक्यं सुचवायचं काम त्याचं. डब्लिनच्या त्या नाटकघरात प्रत्येक नटाला फक्त स्वतःची वाक्यं मिळत आणि त्याआधीच्या, समोरच्या नटाच्या वाक्याची शेपटी. अख्खं नाटक फक्त लिहिणाऱ्याला आणि गॅरेटला ठाऊक.

मालाकीच्या पानावर शेवटी होतं: '...उपस तलवार!' आणि त्याच्यासाठी सूचना: 'तलवार पुढे धर.' त्याखाली कोरं.

"काका, मी मरतो का?"

"उलिकने शपथ घातलीय. मला विचारू नकोस."

नाटक उलिक डार्सीचं होतं आणि शेवटच्या द्वंद्वात समोरही तोच उभा राहणार होता. काही वर्षांपूर्वी याच रंगमंचावर उलिक बोथट तलवार घ्यायला विसरला आणि खरी मालाकीच्या बरगड्यांत घुसली. विसरला, असं सगळे म्हणाले. मालाकीला अजून जिना चढताना धाप लागते. उलिक मात्र लंडनला पळाला, नाटकं लिहून नाव काढलं, एका शब्दाने विचारपूस केली नाही. आणि आता परत येऊन म्हणतो, मालाकीच हवा.

मालाकीने त्याला विंगेत गाठलं. "शेवटाची तालीम कधी?"

"नाही घेणार." उलिकने नजर चुकवली. "तिथं मला तुझा खरा चेहरा हवाय."

"माझा, की माझ्या मढ्याचा?"

उलिक हसला नाही. "तुझ्यासाठीच लिहिलंय रे ते."

मालाकी वळून निघून गेला. प्रयोगाच्या दिवशी त्याने बोथट तलवार खुंटीवरच राहू दिली आणि स्वतःची, रस्त्यात बाळगायची ती कमरेला बांधली. पुन्हा गाफील सापडायचं नाही, एवढंच त्याने ठरवलं होतं.

शेवटचा प्रवेश आला. मेणबत्त्यांच्या धुरातून उलिक पुढे आला, घामाने डबडबलेला.

"उपस तलवार!" तो ओरडला आणि त्याने स्वतःची उपसली.

मालाकी थांबला नाही. सगळं अंग झोकून त्याने पातं उलिकच्या छातीत खुपसलं.

उलिकची तलवार फळ्यांवर पडली. आवाज पोलादाचा नाही, लाकडी तलवारीचा आला. प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. उलिक गुडघ्यांवर बसला. त्याचे ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता.

"विसरलास होय रे, स्वतःचंच?" पडद्याआडून गॅरेट वैतागून कुजबुजला. "'भावा, मला माफ कर.' म्हण! आणि मार त्याला मिठी!"